अक्काचं ‘माहीत नाही’

क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो तेव्हा फोन वाजायला लागला. मागे सई बसलेली, माझी नात, बालवाडीचं दप्तर पोटाशी घट्ट धरून. स्कूटरवर असताना मी फोन घेत नाही, पण तो थांबला आणि पुन्हा वाजला, थांबला आणि पुन्हा वाजला. पलीकडे नसीमभाभी होत्या, छावणीत माझी थोरली बहीण, अक्का, राहायची त्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या. “भैया, बाजी दरवाजा नै खोल रे. दूधवाला भी आको गया. तुम जल्दी आव...” तोवर सिग्नल सुटला होता आणि मागचे लोक हॉर्न बडवत होते. छावणी एका बाजूला, सईची शाळा दुसऱ्या बाजूला. मी स्कूटर शाळेकडे घेतली. सईला उतरवलं, तिच्या बाईंच्या हाती दिलं, पाण्याची बाटली डिकीत राहिली होती ती परत जाऊन दिली, आणि मग छावणीकडे निघालो. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक मला आतून कळलं होतं की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही. किंवा काहीच कळलं नव्हतं.

भाभींच्या मुलानं गॅलरीतून आत उतरून कडी काढली होती. अक्का वेताच्या खुर्चीत होती. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात पदराचं टोक, काच पुसायला घेतल्यासारखं. टेबलावर झाकून ठेवलेला चहा. डॉक्टर म्हणाले, हृदय, सकाळीच केव्हातरी, त्रास झाला नसावा. मग माणसं जमत गेली. त्यातल्या एका शहाण्यानं घरातली बटणं एकेक करून बंद करत आणली, पंखा, देवघरातला दिवा, पाण्याची मोटर, आणि कोपऱ्यातल्या पेटीच्या बटणाला त्याचा हात लागणार एवढ्यात गावाहून आलेले आमचे थोरले बापू दारातूनच ओरडले, “त्ये बंद करू नगा! आत अंडी हायत.” सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. समोर बहीण निजवलेली आणि हा माणूस अंड्यांचं बोलतोय, असं लोकांना वाटलं असणार. पण पेटीचा लाल दिवा चालू राहिला. अक्काला नेऊन आम्ही परत आलो, तेव्हाही तो लागलेलाच होता.

आता याला काही आठवडे होऊन गेले. अक्काच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुचवलं की तुम्ही तिच्यावर लिहा. तिचं संशोधन वगैरे ते लोक लिहितील, त्यांना त्यातलं कळतं. मी तिचा धाकटा भाऊ. वीजमंडळात तक्रारी घेण्यात हयात गेली. लाइट आहे की नाही, एवढंच मी आयुष्यभर लोकांना विचारलं आणि लोकांनी मला सांगितलं. मधलं काही नसतं. माझा स्वभाव त्यानं तसाच झाला आहे, आणि अक्काशी माझं कधी नीट जमलं नाही ते यामुळंच. कारण अक्काला काहीही विचारा, ती चष्मा काढायची, पदरानं पुसायची आणि म्हणायची, “माहीत नाही.”

आम्ही धनगर. वडलांच्या शेळ्या-मेंढ्या सातारा डोंगराच्या पलीकडं चरायच्या आणि आम्ही तिघं त्यांच्या मागं. बापू खरोखर राखायचे, मी झाडावर बसायचो, आणि यमुना, म्हणजे अक्का, शेळ्यांकडे नुसती बघत राहायची. एकदा एक गाभण शेळी गेली. निदान पिलू तरी हाती लागावं म्हणून वडलांनी पोट फाडलं, पण पिलूही गेलेलं होतं, पुरं घडलेलंसुद्धा नव्हतं. आम्ही पोरं लांब पळालो. ही जवळ बसली आणि त्या पिलाच्या ओल्या कपाळावरून बोट फिरवत तिनं विचारलं, “दादा, ह्याचं डोस्कं कवा तयार व्हतं?” वडील वैतागलेले, म्हणाले, “त्यो ब्रह्मदेव जाणं.” तर ही म्हणाली, “मंग त्याला इचारायचं कुठं?” बापू ही गोष्ट अजून सांगतात आणि दरवेळी हसतात. त्या दिवशीसुद्धा, स्मशानातून परतताना, त्यांनी ती सांगितली. हसायला लागले आणि मध्येच थांबले.

ब्रह्मदेवाला विचारायची जागा तिला पुढे कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात सापडली. तिथं मागच्या बाजूला एक खोली होती. त्या खोलीत अंडी उबवायची पेटी होती, आणि एका कुलूपबंद कपाटात, लई कागदपत्रं रंगवून परवानगीनं मिळवलेली एक इवलीशी बाटली. गांजातला जो अंश माणसाच्या डोक्यात जातो, तो त्या बाटलीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत मेंदू म्हणजे नुसती एक नळी असते, तिच्या कडा मिटतात, मग तिला फुगवटे येतात आणि त्यातून पुढे सगळं डोकं घडतं, हे तिनं मला कितीतरी वेळा समजावून सांगितलं होतं. बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आत यातलं बरंचसं उरकलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत तो अंश आत पोचला तर काय होतं, हा तिचा प्रश्न. हयातभर हा एकच. काही अंड्यांत औषधाचा थेंब, काहींत नुसतं तेल, म्हणजे तुलना करता येते. कवचाला चौकोनी खिडकी पाडायची, आत बघायचं, खिडकीवर चिकटपट्टी लावायची. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर, म्हणजे फिरवायला चुकत नाही. आणि ठरलेला दिवस आला की अंडं फोडायचं. त्या खोलीतून पिलू असं कधी बाहेर आलंच नाही.

गावात बातमी पोचली ती अशी, की दादांची यमुना कोंबड्यांना गांजा पाजते आणि सरकार तिला त्याचा पगार देतं. मला ऑफिसात लोक डोळा मारून विचारायचे, “काय साहेब, बहीणबाई काय म्हणतात? माल कसाय?” मी चिडायचो. अक्का चिडायची नाही. तिच्या विभागाची वीज गेली की ती मला भाऊ म्हणून कधी फोन करायची नाही, तक्रारीच्या नंबरवर करायची, आणि तो बऱ्याचदा मीच उचलायचो. “अंडी गार होताहेत,” असं ती सांगायची. मी विचारायचो, “किती वेळ तग धरतील?” ती म्हणायची, “माहीत नाही. म्हणून तर फोन केला.” मी एकदा तिला विचारलं होतं की इतक्या वर्षांत शेवटी निघालं काय? ती म्हणाली, काही पिलांचा मेंदू लहान राहतो, काहींचे डोळे नीट होत नाहीत, आणि काहींत तेवढाच थेंब पोचूनही काही म्हणता काही दिसत नाही. मी म्हटलं, मग माणसाचं काय? “कोंबडीचं विचार,” अक्का म्हणाली. “माणसाचं मला माहीत नाही.” मला वाटलं, पगारी माणसानं असं उत्तर देऊ नये.

निवृत्त झाल्यावर कॉलेजनं भंगारात काढलेली ती जुनी पेटी तिनं घरी आणली. मीच तिची वायर बदलून दिली. छावणीच्या बाजारातल्या एका ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याकडून फळलेली अंडी आणायची, फुली-गोल करायची, फिरवायची, पण खिडकी नाही, थेंब नाही, फोडाफोड नाही. तीन आठवड्यांनी पिलं निघायची. ती टोपलीत घालून बापूंकडे पाठवायची. बापूंच्या अंगणात त्यामुळे कोंबड्यांचा सुळसुळाट झाला होता. हे कशासाठी, असं मी विचारलं होतं. तिचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आता दुधाचं सांगतो. खरं म्हणजे तेच सांगायचं आहे.

माझा मुलगा महेश वाळूजला कंपनीत आहे. त्याची बायको पल्लवी. दोघांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. देवधर्म, दवाखाने, सगळं झालं होतं. अशात एका पावसाळ्याच्या शेवटी पल्लवीला डेंग्यू झाला. आमच्या पुंडलिकनगरात त्या साली घराघरात डेंग्यू होता. आणि डेंग्यू म्हटलं की शेळीचं दूध, प्लेटलेट वाढतात म्हणून. डॉक्टर काहीही म्हणोत, शहरात त्या दिवसांत शेळीच्या दुधाला काय भाव आला होता ते सगळ्यांना आठवत असेल. आम्हाला काय चिंता? आमच्या घरच्या शेळ्या. बापूंनी रोज सकाळी गावातल्या एका मोटरसायकलवाल्याबरोबर ताजं दूध पाठवलं, किटलीला ओलं फडकं बांधून. पल्लवी नाक दाबून ते प्यायची. ताप उतरला, तरी अशक्तपणा आहे म्हणून दूध चालूच राहिलं. आणि मग कळलं की हा नुसता अशक्तपणा नाही. तिला दिवस गेले होते.

बापू पेढे घेऊन आले. अक्कालाही बोलावलं होतं. जेवणं चालली होती, बापू खुशीत होते, आणि खुशीत आले की त्यांना शेळ्यांचं बोलायला लागतं. “ह्या सालाला शेळ्या लई फुगल्या बघ दत्ता. ओला चारा खायच्या न् धाडकन पडायच्या. मंग काय, आपल्या दादाचं औषध काढलं. भांगेचा पाला गुळात कालवला न् रोज एकेक गोळा चारला. एक सुदिक मेली नाय!” भांग म्हणजे गांजाचंच झाड. अक्काचा घास हातात राहिला. तिनं विचारलं, “कधी, बापू?” ते म्हणाले, “ह्येच की, पल्लवीला ताप व्हता तवा.” अक्कानं विचारलं, “त्याच शेळ्यांचं दूध?” आणि बापू अजून हसतच होते, म्हणाले, “मंग कुनाचं?”

पल्लवी बीएस्सी झालेली आहे. तिच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. “आत्या, दुधात उतरतं का?” अक्का म्हणाली, “उतरतं.” “किती?” चष्मा निघाला, पदर आला. “माहीत नाही.” बापू आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. महेश मोबाइलवर वाचायचा आणि वाचलेलं मोठ्यानं सांगायचा, मग पल्लवी उठून आत जायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, म्हणाल्या, सध्या सगळं ठीक दिसतंय. पण पुढे मेंदू कसा चालेल हे कोणत्याच सोनोग्राफीत दिसत नाही. दुधातून गेलेलं किती गेलं हेही सांगता येत नाही. ठरवायचं असेल तर लवकर ठरवा. महेश म्हणायला लागला, “आत्ताच काय ते करून टाकू. पुन्हा होईल. जन्मभर शंका घेऊन कशाला जगायचं?” माझ्या बायकोला पटायचंही आणि पटायचंही नाही. बापू गावाहून यायचे आणि आमच्या पायरीवर बसायचे, घरात यायचे नाहीत. “माझ्या हातानं...” एवढंच म्हणायचे. त्यांचं जेवण सुटलं होतं. आणि मी? मला फक्त कोणीतरी येऊन हो किंवा नाही सांगायला हवं होतं. इतकं शिकलेलं माणूस घरात, नेमकं ह्याच विषयात शिकलेलं, आणि तेच सांगतं की माहीत नाही. मला तिचा असा राग आला होता की काही दिवस मी तिचा फोनसुद्धा घेतला नाही.

मग एका रविवारी दुपारी अक्का रिक्षानं आली. चपला दारात काढल्या, पाणी घेतलं नाही, बसली नाही. आम्ही सगळे बैठकीत होतो, बापू पायरीवर. तिनं बापूंना आत बोलावलं आणि उभ्याउभ्या म्हणाली, “मूल ठेवा. काही झालेलं नाही.” महेशनं विचारलं, “आत्या, नक्की?” अक्का म्हणाली, “नक्की.”

हा शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. पल्लवी रडायला लागली. बापू पुढं होऊन चक्क तिच्या पाया पडायला वाकले, थोरला भाऊ धाकट्या बहिणीच्या, तशी ती दोन पावलं मागं सरली आणि त्यांच्यावर ओरडली. महेशनं मोबाइल खिशात टाकला. सगळं घर सैल झालं. मी तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. म्हटलं, “अक्का, तुला कसं काय कळलं?” तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी वाट बघत होतो. “दत्तू,” ती म्हणाली, “ती रिक्षा थांबव.”

सई जन्मली. गोरीगोमटी, वजनदार, रडायला पक्की. ती झाली आणि अक्का बदलली. घरातल्या कोणाच्या बारशाला-लग्नाला जेवणापुरती येणारी बाई, ती आता दर रविवारी सईसाठी यायची, आणि पुढे सई चालायला लागल्यावर पल्लवी रविवारची दुपारभर तिला छावणीत अक्काकडेच सोडायची. दोघी त्या पेटीपाशी बसायच्या. आणायला जायचो तो मी. दारातून मला दिसायचं, अक्का सईसमोर काहीतरी धरतेय, काहीतरी विचारतेय, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघतेय. ते बघणं मला ओळखीचं होतं. मला प्रश्न पडायचा की ही आजी नातीला खेळवतेय की बाई तपासतेय? “काय बघतेस?” मी एकदा विचारलं. “सईला,” अक्का म्हणाली.

सई उशिरा बोलायला लागली. आम्ही म्हणायचो, महेशही उशिराच बोलला होता. खरंच बोलला होता की आम्ही ते पुन्हापुन्हा म्हणून खरं केलं, ते आता माझं मलाच कळत नाही. दूध हा शब्द घरात कोणी काढत नव्हतं. ती जिना चढताना अडखळली, डबा सांडला, हाक मारल्यावर वळली नाही, की मी आतल्या आत मोजमाप करायचो. सगळीच पोरं अडखळतात, सांडतात. पण सगळ्यांच्या आयांनी त्या शेळीचं दूध प्यालेलं नसतं. मग मला अक्काचं ‘नक्की’ आठवायचं आणि मी शांत व्हायचो. चार वर्षं मी त्या एका शब्दावर काढली.

अक्का जायच्या थोडे दिवस आधी सईच्या शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या समुपदेशक बाई पल्लवीला आणि मला म्हणाल्या, “सई गोड मुलगी आहे. पण प्रत्येक प्रश्नाला ती एकच उत्तर देते. हा रंग कोणता? माहीत नाही. या डब्यात काय असेल? माहीत नाही. येत असलं तरी तेच, नसलं तरी तेच. आणि मग आपल्याकडे बघत बसते, काहीतरी हवं असल्यासारखी.” एकदा मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, घाबरण्यासारखं नाही, पण दाखवा, असं त्यांनी सुचवलं. मला ते पटेना. कारण घरी तिला लाल, पिवळा, हिरवा सगळं येतं. निदान मला वाटायचं, येतं. घरी येऊन महेशला सांगितलं. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि पुन्हा वाचायला लागला. मी ठरवलं की आता येत्या रविवारी अक्काला समोर बसवायचं आणि विचारायचं, त्या दिवशी तुला खरंच माहीत होतं का? कसं माहीत होतं? तिला चष्मा काढू द्यायचा नाही.

अक्का गुरुवारी गेली.

मागे राहिली ती पेटी, आणि पेटीत अंडी. बापू म्हणाले, अंडी फिरवायला लागतात. दिवस होईस्तोवर बापू आमच्याकडेच होते, तेव्हा आम्ही सुतकातले दोघे म्हातारे सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून छावणीला जायचो. ते अंडी फिरवायचे, मी पाण्याची वाटी भरायचो. खुर्चीकडे दोघेही बघत नसू. एका संध्याकाळी बापूंचे गुडघे दुखत होते म्हणून पल्लवी माझ्याबरोबर आली. तिनं पेटीचं दार उघडलं आणि एकेक अंडं उचलून फुलीवरून गोलावर ठेवायला लागली, सरावाच्या हातानं. तिला हे कधीपासून येतं ते मला ठाऊक नव्हतं. मी खुर्चीवर बसलो, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आता विचारू कुणाला?”

“काय विचारायचं होतं, बाबा?”

मी सांगितलं. पल्लवीनं हातातलं अंडं खाली ठेवलं. “बाबा, त्यांना माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. त्या रविवारच्या आदल्या दिवशी ती एकटी इथं आली होती. अक्कानं तिला याच खोलीत बसवलं आणि सरळ सांगितलं की मला माहीत नाही. पल्लवीनं विचारलं, कधी कळेल? अक्का म्हणाली, बहुतेक कधीच नाही. मूल मोठं होईल, हुशार निघेल नाहीतर मठ्ठ निघेल, शांत निघेल नाहीतर खोडकर, आणि यातलं दुधानं किती आणि आपसूक किती, हे कोणी कधीच सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. “मी म्हटलं, मग मला हवंय, आत्या. जसं निघेल तसं. पण घरात कोणी ठेवू देणार नाही. तुम्ही येऊन सांगा की काही झालेलं नाही. तुमचं सगळे ऐकतील.”

“मग?”

“बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मला वाटलं, नाही म्हणणार. मग म्हणाल्या, बापू जेवत नाही म्हणे...”

एवढंच. पल्लवीनं पुन्हा अंडी फिरवायला घेतली. मी तिथं बसून राहिलो आणि मला आधी राग आला, अक्काचा आणि हिचा दोघींचा. मला चार वर्षं उगाच उभं करून ठेवलं असं वाटलं, जिथं जमीनच नव्हती तिथं. मग वाटलं, पण त्या वेळी अक्का खरं बोलली असती तर सई असती का? नसती. मग राग कशाचा करायचा? आणि खोटं बोलली म्हणावं, तर ते खोटं होतं हे तरी कुठं माहीत आहे? कदाचित काहीच झालेलं नसेल. अक्काला माहीत नव्हतं याचा अर्थ तसं नव्हतं असा होत नाही. हे असं वाक्य मी माझ्या जन्मात कधी केलं नसतं... तिच्या खुर्चीत बसल्याचा परिणाम असेल. मला रडू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा आलं, आणि ते कोणासाठी होतं हे मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

तेराव्याच्या आसपास पिलं निघाली. बापूंनी ती टोपलीत घातली, वर फडकं टाकलं आणि गावाला घेऊन गेले. जाताना म्हणाले, “समदी येकसारखीच दिसत्यात. यमुनानं ह्यांच्यात काय बघितलं आसंल?” पेटीत काही अंडी तशीच राहिली होती. चार दिवस जास्तीचे वाट बघितली, पण हलेनात. घर रिकामं करून द्यायचं आहे, तेव्हा रविवारी मी आवराआवरीला निघालो. सई मागं लागली, म्हणून तिलाही घेतलं. पुढच्या आठवड्यात तिला त्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. ते काय सांगतील? पल्लवीला विचारलं तर तिनं फक्त माझ्या हाताला हात लावला.

खोलीत शिरल्या शिरल्या सई पेटीपाशी आपल्या जागेवर जाऊन बसली, मांडी घालून. मी उरलेली अंडी टाकून द्यावीत म्हणून पिशवी उघडली, तर ती म्हणाली, “पडदा.” मी म्हटलं, कसला पडदा? तिनं उठून टेबलाचा खालचा खण ओढला आणि अक्काचा छोटा टॉर्च काढला. “आबा, पडदा लाव.” मी खिडकीचा पडदा ओढला. दुपारची खोली अंधारली. तिनं टॉर्च लावून तळहातावर उभा धरला, त्याच्यावर अंडं ठेवायला मला सांगितलं, आणि अंडं आतून लालसर उजळलं. कवचावरची फुली काळी दिसायला लागली. आत काहीतरी गडद होतं. पिलू असेल, नुसता बलक असेल, मला काही समजेना.

“विचार ना,” सई म्हणाली.

“काय विचारू?”

“आत काय आहे.”

“सई, आत काय आहे?”

ती अंड्याकडे बघत राहिली. चांगलं बघून घेतलं, डावीकडून, उजवीकडून, टॉर्च जरा तिरपा करून. “माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तोंड वर करून माझ्याकडे बघायला लागली, शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या तशीच, काहीतरी हवं असल्यासारखी. मला वाटलं, झालं. मी अंडं उचलून पिशवीत ठेवायला गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

“आबा, आता शाब्बास म्हणायचं असतं,” सई म्हणाली. “अक्का म्हणते.”

मी अंडं परत टॉर्चवर ठेवलं. ती थांबली. मग मी म्हटलं, आणि आम्ही दुसरं अंडं घेतलं.